खत पानावर, मग मुळावरच्या जिवाणूंचं काय?

प्रश्न : नमस्कार सर, औशाकडं आमचं सोयाबीन आहे, बियाण्याला रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू) लावूनच पेरलंय. महिना झाला, पीक पिवळट दिसतंय म्हणून 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) मारायचं म्हणतोय. शेजारचे काका म्हणतात फवारलं की मुळावरचे जिवाणू मरतात, दुकानदार म्हणतो पानावरच्या खताचा मुळाशी काय संबंध? खरं काय?
– एक वाचक, ता. औसा

उत्तर : दादा, जिवाणू मरत नाहीत, पण संबंध नाही हेही चूक. मुळाभोवतीचे जिवाणू झाडानं दिलेल्या साखरेवर जगतात आणि ती साखर बनते पानात, त्यामुळं पान उपाशी तर तेही उपाशी. खरंच कमतरता असेल तेव्हा मारलेली फवारणी त्यांना बहुतेक वेळा फायद्याचीच ठरते.

फक्त नत्र आयतं आणि भरपूर मिळायला लागलं की झाड मुळावरच्या, हे जिवाणू राहतात त्या गाठींवर साखर खर्च करत नाही, नवीन गाठी कमी येतात. हे जास्त करून जमिनीत टाकलेल्या युरियानं होतं. हिशोबच बघा ना, 2 टक्के युरिया एकरी 200 लिटर पाण्यातून फवारला तर 4 किलो युरिया, म्हणजे नत्र 2 किलोसुद्धा नाही, आणि 45 किलोची एक गोणी टाकली की 20 किलोच्या वर. स्फुरदाचंही असंच, पानातून पोटभर मिळालं की झाड मुळाला स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशी कमी पोसतं, म्हणून गरज नसताना 12:61:00 हे जास्त स्फुरदाचं खत मारत बसू नका.

पण माझं ऐका, पंप भरायच्या आधी दोन-चार झाडं काढून बघा. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात, कुदळीनं मातीसकट काढा आणि पाण्यात हलक्या हातानं धुवा. गाठ नखानं फोडली की आतून लालसर गुलाबी दिसली तर नत्र तयार करायचं काम जोरात चालू आहे, पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही.

मग पिवळेपणा कुठं आहे ते बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी पडतंय, फवारणी घ्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे, चुनखडीच्या रानात हे फार दिसतं आणि साध्या 19:19:19 मध्ये लोह नसतंच, तिथं चिलेटेड (पिकाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लोह लेबलवरच्या प्रमाणात फवारा, गाठींनाही लोह लागतंच. आणि रानात पाणी तुंबलेलं असेल तर आधी चर काढून वापसा येऊ द्या, कारण पाण्याखाली गाठींना हवाच मिळत नाही, अशात वरून कितीही फवारलं तरी त्या चालू होणार नाहीत.