मालवणात घरच्यांना घेऊन गरवायला जायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा आहे: डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याहून मालवणला येताय, सोबत सात आणि दहा वर्षांची मुलं, शिवाय आई-वडील. सगळ्यांनी मिळून एक दिवस समुद्रात गळाने मासे पकडायचे आहेत. होडी कुठे बघावी, वेळ कोणती बरी, काय काय आणावं?

माझं घर मालवण तालुक्यातच, खाडीकाठी आहे, म्हणून सरळच सांगतो. समुद्रात जाऊ नका, खाडीत जा. आणि दिवस हॉटेलच्या बुकिंगवरून ठरवू नका, तिथीवरून ठरवा. या दोन गोष्टी जमल्या की मासे मिळोत न मिळोत, दिवस चांगला जातो.

खाडी का, ते आधी. गरवायचं म्हणजे होडी एका जागी नांगरून बसायचं. चालत्या होडीत ज्यांना काही होत नाही, त्यांनाही नांगरलेल्या होडीत बोट लागते, कारण ती लाटेबरोबर नुसती डुलत राहते. सात वर्षांच्या मुलाला एकदा उलटी झाली की त्याच्यासाठी तो दिवस तिथेच संपला, आणि आजीला वाटेत उतरायचं म्हटलं तर बाहेर समुद्रात उतरवणार कुठे? खाडीत होडी पाच मिनिटांत काठाला लागते. मासाही खाडीत लहान पण खादाड असतो. मुलांना मोठा मासा नको असतो, दोरीला झटका हवा असतो, आणि तो खाडीत लवकर मिळतो.

जागा दोन सुचवतो. एक देवबागजवळची कर्लीची खाडी. संगमाच्या तोंडाशी वॉटर स्पोर्ट्सची गर्दी असते, तिथे थांबू नका. होडी आत, कांदळवनाच्या बाजूला न्यायला सांगा. दुसरी मालवणच्या उत्तरेची कोळंबची खाडी. ती लहान आहे, शांत आहे, आणि तिच्या तोंडाशी सर्जेकोटचं बंदर असल्यामुळे मासेमारी जाणणारी माणसं तिथे सहज भेटतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मात्र गरी, म्हणजे गळ, टाकायचा विचारही करू नका. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्याचा गाभा किल्ल्याभोवतीच आहे. तिथली प्रवाळं आणि खडकांतले मासे नुसते बघण्यासाठी आहेत. मुलांना ते दाखवायचे असतील तर वेगळ्या दिवशी किल्ला बघायला जा.

आता तिथी. भरतीची वेळ काढायचा आमच्याकडचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल ते पूर्ण भरतीचं घड्याळ. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच, आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा भरती. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं कोष्टक बघून घ्यावं, पण पुण्यात बसून सुट्टी ठरवायला एवढं पुरतं.

पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं. तेव्हा खाडीत पाणी इतकं धावतं की शिसं तळाला टिकत नाही, दोरी तिरकी होऊन वाहत जाते आणि मुलांना काही कळत नाही. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांगाचं पाणी असतं, त्याला ओढ कमी. म्हणून घरच्यांसाठी मी दशमी ते द्वादशी हे दिवस सांगेन. दशमीला भरती साडेसातच्या सुमारास, द्वादशीला नवाच्या. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो. फटफटलं की साडेसहाला होडीत बसायचं, भरतीचं शेवटचं पाणी गरवायचं, पाणी थांबतं तेवढ्या वेळात मुलांना न्याहारी द्यायची, मग ओहोटीचे पहिले दीड-दोन तास पुन्हा गरवायचं. आई-वडील एकादशी करत असतील तर दशमी किंवा द्वादशी धरा. पकडलेला मासा घरात असून ताटात नाही, असं नको.

सकाळच का, याचं कारण वारा. रात्री जमीन निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, त्या वाऱ्यात पाणी गुळगुळीत असतं. दहा-अकराच्या पुढे जमीन तापते, खारा वारा उठतो आणि खाडीच्या रुंद भागातही पाणी उसळायला लागतं. कोणी होडीवाला दुपारी दोनला चला म्हणाला तर तो सहल काढतोय, गरवायला नेत नाहीये.

होडीवाला निवडणं हे या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. किनाऱ्यावर फलक लावून बसलेल्यांकडे थेट जाऊ नका. संध्याकाळी जेटीवर जा, जाळं सांधत बसलेल्या एखाद्या काकांना विचारा, “काका, मुलांना घेऊन खाडीत गरवायचं आहे, कोण नेईल?” ते स्वतः येतील किंवा नाव सांगतील. पैसे आधी मोकळेपणाने ठरवा. आणि तो माणूस म्हणाला, “आज पाण्याक ओढ लय आसा, फाल्या येवा,” तर हुज्जत न घालता फाल्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी, जा. गिऱ्हाईक परत पाठवणारा होडीवाला मिळाला तर त्याला सोडू नका. लाइफ जॅकेट त्याच्याकडे असतील, पण लहान मुलांच्या मापाची बहुतेक नसतात. ती पुण्याहून आणा, आणि होडीत बसण्याआधी काठावरच बांधा, कंबरेचा पट्टा आवळून.

रॉड आणि रीळ विकत घ्यायची गरज नाही. एका होडीत चार रॉड म्हणजे गुंत्याला आमंत्रण. हातगरी पुरते. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, खाली शिसं, त्याच्या वर वीतभर फाट्यावर बारीक गरी, आणि सगळं लाकडाच्या तुकड्यावर किंवा रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेलं. शिसं तळाला टेकलं की दोरी हातभर वर घ्यायची, तर्जनीवरून सोडायची आणि वाट बघायची. तंगूस बोटाला गुंडाळू द्यायचं नाही, एवढा एकच नियम मुलांना पुन्हा पुन्हा सांगा, कारण मोठा मासा लागला तर ते बोट कापतं. आमिष म्हणून ताजी कोळंबी, सोलून नखाएवढे तुकडे. आदल्या संध्याकाळी बाजारातून आणून बर्फात ठेवली तरी चालते.

रेताड तळावर पहिल्यांदा लागतं ते मुडदुसं. लांबट, चंदेरी, वीतभर. त्याची चाहूल मुलांना लगेच कळते, टुक-टुक असे दोन झटके. तिसऱ्याला अलगद ओढायचं. कांदळवनाच्या मुळांजवळ आणि दगडांच्या कडेला काळुंदर असतात, रुंद आणि हट्टी. त्यांना कोळंबी नाही आवडली तर कणकेची गोळीही चालते. त्याच जागी कधी तांबोशी लागते आणि मग होडीत आरडाओरड होते, कारण ती सरळ मुळांत घुसून दोरी तोडायला बघते. लहान तांबोशी मात्र सोडून द्या. तांबोशीचं बालपण खाडीत जातं आणि मोठी झाली की ती बाहेर समुद्रातल्या खडकांवर जाते. वीतभर तांबोशी तळून खाल्ली तर ती बाहेर कधीच पोचत नाही. मासा सोडताना आधी हात ओले करायचे, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. राज्य सरकारनेही २०२३ साली ५४ जातींसाठी पकडायची किमान लांबी ठरवली आहे, बांगड्याची १४ सेंटिमीटर. मुलांच्या दप्तरातली पट्टी सोबत ठेवा. कोणता मासा ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे त्यांना मोजू द्या, हे काम मुलं फार मनापासून करतात.

दोन माशांना मुलांनी हात लावायचा नाही. पहिला शिंगाळा. मिशा असलेला, बिनखवल्यांचा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांपाशी एकेक काटा असतो, आणि तो विषारी असतो. गरी काढायचं काम होडीवाल्यालाच करू द्या. काटा लागलाच तर जखम धुऊन तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा, उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो, आणि मग डॉक्टरकडे जायचं. पाणी किती गरम आहे ते मोठ्यांनी आधी आपल्या हाताने बघावं, मुलाचा हात भाजू नये. थर्मासमध्ये गरम पाणी नेलं की चहालाही होतं आणि यालाही. याच शिंगाळ्याबद्दल मुलांना एक सांगा: मादीने घातलेली अंडी नर आपल्या तोंडात सांभाळतो आणि पिल्लं होईपर्यंत जवळजवळ काही खात नाही. माझ्या पुतणीला हे कळल्यापासून ती शिंगाळा सोडायला लावते. दुसरा केंड, जो पोट फुगवून चेंडू होतो. बघायला मजेशीर, पण खायला घातक. त्याचं विष शिजवूनही जात नाही. बघा आणि पाण्यात सोडा.

होडीवाल्याकडे पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, असेल तर ओहोटीला काठावर त्याला एक-दोनदा टाकायची विनंती करा. बोय हा मासा गरीला फारसा येत नाही, पागात मात्र येतो. खांद्यावर, कोपरावर आणि दातांत जाळं धरून तो पाग हवेत गोल उघडतो, ते बघताना तुमचे बाबा मुलांपेक्षा जास्त खूश होतील.

आई-वडिलांना होडी नको असेल, तर त्यांच्यासाठी रापण आहे, आणि ती बघितल्याशिवाय कोणी मालवण सोडू नये असं मला मनापासून वाटतं. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. मालवणच्या दांडीला, तारकर्लीला, वेंगुर्ल्याकडे अजून रापणी लागतात. आधी विचारा, मग दोराला हात लावा. ओढणाऱ्याला तिथे कोणी परका मानत नाही, आणि जाळं आलं की मूठभर पेडवे-तारल्या तुमच्याही पिशवीत पडतात. त्या स्वतःहून उचलू नका, दिल्या तर घ्या. वाळूवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात मुलांनी उभं राहायचं नाही. जाळ्यातल्या जेलीफिशना हात नाही. पूर्वी रापणीवर अख्खे वाडे जगायचे. यांत्रिक बोटी आणि माशांचा अख्खा थवा वेढणारी मोठी पर्ससीन जाळी आल्यापासून किनाऱ्याजवळ मासाच कमी येतो, आणि कधी कधी एवढी मोठी रापण ओढून दोन टोपल्याही भरत नाहीत. पर्ससीनवर राज्य सरकारने २०१६ साली बंधनं घातली, तरी इथला पारंपरिक मच्छीमार अजून त्यासाठी भांडतोच आहे. म्हणून रापणीवर ताजी मासळी विकत मिळाली तर तिथेच घ्या आणि घासाघीस करू नका.

खडकांवर उभं राहून गरवायचा मोह टाळा. हौशी लोकांचे फोटो तिथलेच असतात, पण खडकांवर कालवं असतात, ती पावलं चिरतात, आणि शांत दिसणाऱ्या समुद्रातही मधूनच मोठी लाट येते. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते आदल्या रात्री बघत जा. डिसेंबरऐवजी पुढे कधी यायचं झालं तर मेच्या मध्यापर्यंतच या. नंतर समुद्र फुगायला लागतो, प्रवासी होड्या बंद होतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तो माशांचा विणीचा काळ.

सोबत आणायचं ते थोडंच: टोप्या, पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे (कांदळवनाजवळ चिलटं चावतात), पट्ट्याची सँडल, पाणी भरपूर, एक पक्कड गरी काढायला, आणि बर्फाचा छोटा डबा. मासा बादलीत पाण्यात ठेवू नका, मऊ पडतो. थेट बर्फात टाका. तुटलेलं तंगूस खिशात घाला, पाण्यात किंवा कांदळवनात टाकू नका. त्यात पक्षी अडकतात.

दहाच्या सुमारास परत या. तुम्ही उतराल त्या घरच्या काकूंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही मासे आणतोय, बहुतेक ठिकाणी आनंदाने करून देतात. मुडदुशी साफ करून हळद, मीठ, मिरचीपूड आणि सोलांचं, म्हणजे कोकमाचं, आगळ लावायचं, तांदळाच्या पिठात घोळवून तळायची. पिठात रवा थोडाच, नाहीतर एवढ्या नाजूक माशाची चव दबते. काळुंदर जरा मोठी मिळाली तर आमटीला द्या. आणि सकाळभर काहीच लागलं नाही तर अकराच्या आत मालवणच्या मासळी बाजारात पोचा. मुलांना मुडदुसं ओळखून दाखवायला सांगा, आणि त्यांनी ओळखलेलंच विकत घ्या.