निवेदनावर सही केली म्हणजे हरकत नोंदवली असं समजू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंच्या नावावरच्या घराला चतुर्वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, कर आकारणीची नोटीस आली, घरपट्टी जवळजवळ तिप्पट दाखवलीय, गल्लीनं मिळून नगरपालिकेला निवेदन दिलंय आणि 'निकाल लागेपर्यंत कुणीच भरायची नाही' असं ठरलंय. हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण 2022 मध्ये आम्ही नेमकं हेच केलं होतं. त्याचा भुर्दंड आमच्या घरानं सोसला.

आधी सांगतो, मी वकील नाही. साखर कारखान्यात टाइमकीपर होतो, आता निवृत्त आहे. आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, नगरपालिकेच्या हद्दीतलं. घर महापालिकेच्या हद्दीत असेल तर कायदा वेगळा लागतो आणि मुदतीही वेगळ्या असतात, त्यामुळं स्वतःची नोटीस दोनदा वाचून मगच माझं ऐका.

तुम्ही विचारलंय की बजेटमध्ये सर्वसामान्यांना दिलासा म्हणतात, मग घरपट्टी कशी वाढली? केंद्राच्या बजेटचा घरपट्टीशी संबंध नाही. ती नगरपालिका लावते आणि तिच्याच तिजोरीत जाते. बिलातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर तेवढा राज्य सरकारचा. दिल्लीच्या बजेटमध्ये मालमत्तेचा जो कर गाजला तो जुलै 2024 चा, घर किंवा जमीन विकल्यावरच्या नफ्यावरचा. त्याबद्दल शेवटाकडं लिहितो, कारण आमच्याकडंही लोकांनी दोन्हींची गल्लत केली होती.

आता आमचं काय झालं ते. 2022 च्या सुरुवातीला नोटिसा आल्या. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ झाल्याची बातमी ताजी होती, त्यामुळं लोक जास्तच पेटले होते. मुंबईला माफी आणि आम्हाला वाढ, हा काय न्याय? राग खराच होता. नगरपालिकेवर तेव्हा प्रशासक होते, मुदत संपल्यामुळं नगरसेवकच नव्हते, मग जायचं कुणाकडं? मोर्चा निघाला, एक दिवस बाजारपेठ बंद राहिली, दोनशेच्या वर सह्यांचं निवेदन गेलं. सातवी सही माझी होती.

आमच्या नोटिशीत घराशिवाय मागचं 320 चौरस फुटांचं पत्र्याचं शेड 'वाणिज्य वापर' म्हणून लावलं होतं. त्या शेडात आमच्या घरातले वडीलधारे दादा दोन म्हशी बांधायचे, आणि हंगामात शेतातली हळद पोत्यात भरून महिनाभर ठेवायचे. पाहणीला आलेल्या माणसानं पोती बघितली आणि गोदाम लिहून मोकळा झाला. मला ते दिसलं होतं. म्हणून कर विभागाच्या खिडकीवर जाऊन मी विचारलं, शेडाबद्दल वेगळा अर्ज करू का? तिथल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "निवेदन दिलंय ना सगळ्यांनी? त्यात येतं सगळं." मी त्याच्यावर विश्वास ठेवून घरी आलो. ताई, माझी सगळ्यात मोठी चूक ती. त्या दिवशी हरकतीच्या मुदतीतले अकरा दिवस बाकी होते.

मोर्चा वाया गेला असं मी म्हणणार नाही. अंतिम यादी लागली तेव्हा दर थोडा खाली आला होता, गल्लीतल्या बाकीच्यांची बिलं उतरली. आमचं उतरूनही 7,860 रुपये. आधीच्या वर्षी 2,140 भरले होते. परत गेलो तर हरकतींची नोंदवही उघडून दाखवली, त्यात आमचा मालमत्ता क्रमांकच नव्हता. निवेदन 'आवक' झालं होतं, म्हणजे मिळाल्याची नोंद होती, पण ते दरवाढीविरुद्धचं सार्वजनिक पत्र होतं, आमच्या मिळकतीवरची हरकत नव्हे. आणि मुदतीत लेखी हरकत नसेल तर पुढं अपिलाचाही रस्ता राहत नाही, हे तिथं उभ्या उभ्या कळलं. अपिलाला बिलाची रक्कमही आधी भरावी लागते. खिडकीवरचं बोलणं तोंडी होतं, ते मी कुणाला दाखवणार?

म्हणून सांगतो, दर किती लावायचा हे गावानं मिळून भांडायचं आहे, तिथं निवेदन, मोर्चा, सगळं करा. पण माप, वापर, बांधकामाचा प्रकार आणि घराचं वय हे प्रत्येकाच्या घरचं वेगळं असतं, आणि ते तुमच्याशिवाय कुणी तपासणार नाही. आरसीसी की लोडबेअरिंग (भिंतींवर भार असलेलं), कौलं की पत्रा, यावर भाडेमूल्याचा, म्हणजे घराला किती भाडं येईल त्या अंदाजाचा, दर बदलतो. वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर कर लागतो ती रक्कम, काढतात, ती वजावट झालीय का बघा. आईंनी टेप धरून स्वतःच्या खोल्या मोजल्यात का? आम्ही मोजल्या तेव्हा घरातच 38 चौरस फूट जास्त निघाले, अंगणातला तुळशीचा कट्टासुद्धा धरला होता.

एक खूण लक्षात ठेवा. रोजगार हमी कर बिगरनिवासी जागेवर लागतो. राहत्या घराच्या बिलात तो दिसला तर कुठंतरी दुकान नाहीतर गोदाम अशी नोंद झालेली आहे. आमच्या बिलात तो होता, आणि मी वर्षभर त्याच्याकडं नुसता बघत होतो.

'भरायचं नाही' याबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, म्हणजे वर्षाला 24. आम्ही दोन वर्षं भरलं नाही. मूळ 15,720 रुपये आणि वर साडेचार हजारांहून जास्त शास्ती. भरू नका म्हणून सांगणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी मार्चमध्ये गुपचूप भरून पावत्या घेतल्या होत्या, हे नंतर कळलं, आणि त्याचा राग अजून जात नाही. दादांना आयुष्यात कुणाचं देणं ठेवायची सवय नव्हती. जप्तीची नोटीस दाराला चिकटवली तेव्हा त्यांनी दोन दिवस दार उघडं टाकलं नाही. शास्ती माफ करणारी अभय योजना येईल म्हणून थांबू नका, ती कधी येते, कधी येत नाही. हरकत घेतली असली तरी भरताना 'हरकतीस अधीन राहून' असं पत्र जोडा आणि भरून टाका.

शेडाचं नंतर झालं. तिसऱ्या वर्षी म्हशींचे फोटो, पशुवैद्यकीय दवाखान्याचं लसीकरणाचं कार्ड आणि सातबारा जोडून फेरमोजणीचा अर्ज दिला, तेव्हा वापर बदलला, पण तिथून पुढच्यासाठीच. मागचे पैसे आले नाहीत. दादा त्याआधीच गेले.

कागदांचं तेवढं बघा. जुन्या पावत्या, बांधकाम परवाना, सिटी सर्व्हेचा उतारा यांच्या प्रती वरच्या मजल्यावर ठेवा. 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा तिथल्या गावभागातल्या आमच्या बहिणीच्या घरातल्या पावत्यांचा लगदा झाला. आणि घरपट्टीच्या पावतीवर आईंचं नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होते असं नाही. वारस नोंद वेगळी करा.

आता ते जुलै 2024 चं. 23 जुलैला निर्मला सीतारामन यांनी मालमत्ता विक्रीच्या नफ्यावरचा कर 20 टक्क्यांवरून 12.5 केला, पण महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरायची सवलत काढली. जुन्या घरांचे मालक चिडले, लोकांनी आपापली आकडेमोड मांडली, आणि 7 ऑगस्टला लोकसभेत दुरुस्ती झाली. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घर-जमिनीवर, भारतात राहणाऱ्या व्यक्तीला किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाला जुन्या आणि नव्या पद्धतीपैकी जिच्यात कर कमी पडेल ती लागू. तेव्हा लोकांनी आपलं घर कधी घेतलं, कितीला घेतलं आणि आता किती भरावं लागेल हे मांडलं, नुसता निषेध केला नाही. आमच्या दोनशे सह्यांच्या कागदावर एकाही घराचं माप नव्हतं.

तुमची मुदत अजून संपली नसेल तर उद्याच हरकत द्या. आईंच्या नावानं, मालमत्ता क्रमांक टाकून, एका पानात. कुठली खोली किती फुटांची आणि नोटिशीत किती दाखवलीय एवढंच लिहा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कुणी म्हणालं, निवेदनात येतं सगळं, तर त्याला म्हणा, तसं लिहून द्या. सुनावणीला आईंना बरोबर न्या. चालवत नसेल तर त्यांच्या सहीचं अधिकारपत्र करून तुम्ही जा, आणि टेप पिशवीत असू द्या.