सरकारी एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्या अचानक बंद होऊ शकतात का? बहिणीला खासगीत न्यावं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की भाऊजी एड्सने गेले, बहीण पॉझिटिव्ह आहे, तालुक्याला गोळ्या फुकट मिळतात पण मागच्या खेपेला महिन्याऐवजी दहाच दिवसांच्या दिल्या, वरून सासरचे म्हणतात घर सोड, आणि आता कर्ज काढून नागपूरला खासगीत जावं का. नका जाऊ. सरकारी सोडू नका. खासगीत काही वेगळं अमृत नाही, टेनोफोव्हिर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर हे तिन्ही एकाच गोळीत असतं, बहुतेक मोठ्या पेशंटला सरकारात हीच गोळी मिळते आणि ती जन्मभर रोज घ्यायची असते. आपल्याकडं कापसाचा पैसा दिवाळीनंतर एकदा येतो, तोही बोंडअळीनं सोडला तर, आणि गोळी रोज लागते. पैसा संपला की गोळी सुटते, गोळी मधेमधे सुटली की व्हायरस औषधाला सरावतो, मग पुढची लाईन, म्हणजे दुसरी औषधं, चालू करावी लागते, हे आमच्या गावात एकाच्या बाबतीत पाहिलं आहे.

मी यवतमाळकडचा. माझे काका ट्रकवर होते, हैदराबाद रोडला, २००३ मधे गेले. तेव्हा औषध नव्हतं असं नाही, ते परवडत नव्हतं. काकूची तपासणी नंतर झाली आणि ती आजही शेतात जाते, निंदण करते, सुनेवर ओरडते, सगळं. लोकं सुरुवातीला तिच्या घरचं पाणी पेत नव्हते. गोळ्यांची प्लास्टिकची डबी एसटीत खुळखुळते म्हणून ती अजूनही लेबल खरडून काढते आणि वरून घरचाच सरकी काढलेला कापूस कोंबते, हिरवं पुस्तक ब्लाउजपीसमधे गुंडाळून पिशवीच्या तळाशी. मी एकदा म्हटलं आता काय लपवतं, तर म्हणे "तुले काय समजते बाबू, गाव हाय हे".

आता "सरकार बंद करंन का" या भीतीबद्दल. या गोळ्या सरकारनं आपणहून दिल्या नाहीत हे आधी समजून घ्या. २००० च्या आसपास विदेशी कंपन्यांचं औषध वर्षाला १० ते १५ हजार डॉलरला पडायचं. २००१ मधे आपल्या सिप्ला औषध कंपनीच्या युसुफ हमीदांनी तेच दिवसाला एक डॉलरच्या आत देतो म्हणून सांगितलं, कारण तेव्हा आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या प्रॉडक्टवर पेटंट नव्हतं, ते २००५ पासून आलं. तिकडं दक्षिण आफ्रिकेत ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या संघटनेवाले एचआयव्ही पॉझिटिव्ह लिहिलेले टीशर्ट घालून रस्त्यावर, त्यांचा झॅकी अख्मत स्वतः पॉझिटिव्ह, पण सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळत नाही तोवर मी गोळी घेणार नाही म्हणून बसला. २००२ मधे तिथल्या घटनात्मक न्यायालयानं गरोदर बायांना, पोराला लागण होऊ नये म्हणून, नेव्हिरॅपिन हे औषध द्यायला सरकारला भाग पाडलं. आपल्याकडं १ एप्रिल २००४ ला फुकट एआरटी चालू झालं ते आधी फक्त आठ दवाखान्यात, महाराष्ट्रात मुंबईचं जेजे. आमच्या खेड्यातून मुंबई म्हणजे विचार करा, मजुरी बुडवून, तब्येत अशी. नागपूर आणि मग ग्रामीण रुग्णालयात लिंक एआरटी, म्हणजे गोळ्या देणारं छोटं सेंटर, येत गेलं तेव्हा कुठं आमच्यासारख्यांचं जमलं. आणि २०२२ मधे स्टॉक संपला तेव्हा दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, ऑफिससमोर पॉझिटिव्ह लोकं महिन्याहून जास्त दिवस धरणं देऊन बसले होते. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, पण त्यात सरकारनं औषध द्यावं "शक्य तितकं" असा शब्द घुसवला त्यावर संघटनांनी लय आरडाओरडा केला होता आणि मला विचाराल तर बरोबर केला. म्हणजे योजना बंद होईल असं मला वाटत नाही, पण स्टॉक कमी पडू शकतो आणि तेव्हा गप्प बसलं तर कोणी घरी आणून देत नाही.

तर कमी गोळ्या दिल्या की तिथंच काउन्सिलरला विचारा, बाजूच्या सेंटरवरून मागवता का, पुढची तारीख पुस्तकात लिहून घ्या. डबी संपायच्या दोनचार दिवस आधीच जा, शेवटच्या गोळीची वाट पाहू नका. तरी नाही मिळालं तर जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात एड्स नियंत्रणवाले बसतात, डापकू म्हणतात, त्यांना लेखी द्या आणि एकट्यानं नाही, त्या दिवशी लाईनीत असलेल्या पाचसहा जणांच्या सह्या घेऊन. १०९७ हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर पण सांगा.

घराचं. त्याच कायद्यात स्पष्ट आहे की बाई असो की १८ च्या आतलं लेकरू, राहत्या सामाईक घरातून काढता येत नाही. सासरचे दमदाटी करत असतील तर तालुक्याला विधी सेवा समितीचा वकील फुकट मिळतो, आणि सातबारावर वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडं ती आधी करा, कारण अर्ध्या भांडणात आजार नावाला असतो, डोळा वावरावर असतो.

लेकरांची तपासणी झाली का हे तुम्ही लिहिलं नाही. एकदा करूनच टाका, आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, फुकट होते, नाव बाहेर जात नाही. सोबत जेवल्यानं, एका बाजेवर झोपल्यानं काही होत नाही हे तुमच्या आईलाही सांगा. मोठी भाची १४ ची आहे म्हणता, तर अजून एक गोष्ट जी बऱ्याच वकिलांनाही माहीत नसते, या कायद्यानं बाधित कुटुंबातलं, घरचा कारभार पाहणारं १२ ते १८ वयाचं समजूतदार लेकरू धाकट्या भावंडाचं पालक म्हणून शाळेत ॲडमिशन, उपचार, बँक खातं यासाठी चालतं.

आणि संजय गांधी निराधारमधे अर्ज करा, महिन्याला १,५०० रुपये आहेत. एड्सच्या पेशंटला त्यात बसवतात पण विधवा म्हणूनही अर्ज होतो, त्यामुळं गावात सरपंचाला, तलाठ्याला आजाराचं नाव सांगायची काहीच गरज नाही, फॉर्मवर विधवा लिहा आणि मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला जोडून तहसीलला द्या.