ओला कागद, योगायोग आणि सराव

अनेक उत्तम आशीर्वाद.

ढगांचं एक जलरंगचित्र फर्मास जमलं आणि त्याच रंगांत, त्याच कागदावर पुढची सगळी बिघडली. मग पहिलं नशिबानंच जमलं का, हा तुझा प्रश्न रास्त आहे. थोडं नशीब होतंच. ओल्या कागदावर रंग नेमका कुठवर पसरेल, हे कुणालाच आधी सांगता येत नाही. पण तो कधी सोडायचा हे आपल्या हातात असतं, आणि बहुतेक चित्रं तिथंच बिघडतात.

कागद डोळ्यांच्या पातळीला आणून तिरपा बघ. पाणी चकाकत असेल तर रंग वाहून जाईल, ढगाला आकार राहणार नाही. चकाकी मंदावली की ढगाची सावली सोड. कडा मऊ राहते आणि आकारही टिकतो. चकाकी गेली, पण हाताच्या पालथ्या बाजूला कागद गार लागतोय, तो टप्पा सगळ्यात धोक्याचा. तेव्हा पाणीदार ब्रश टेकवलास तर ते पाणी अर्धवट सुकलेले रंगकण बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी कडा उमटते. म्हणून रंग घेतल्यावर ब्रशचं बूड फडक्याला टेकवायचंच. ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं.

आता सराव. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, २२ × ३० इंची कागद घे, त्याचे सारखे १६ तुकडे कर. प्रत्येकावर निळ्या अल्ट्रामरिनचा पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, दे आणि त्यात तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना सोड: लगेच, अर्ध्या मिनिटानं, मग १, २, ३, ५, ८ आणि १२ मिनिटांनी. आठ तुकडे टिपलेल्या ब्रशनं, आठ पाणीदार ब्रशनं. मागे वेळ, महिना, पंखा चालू होता की बंद, सगळं लिही. मे महिन्यात दुपारी चकाकी बघता बघता उडते, जुलैत रेंगाळते. त्यामुळे पावसाळ्यात हे पुन्हा करावंच लागेल. त्या दिवसांत कागद मात्र घट्ट बंद पिशवीत ठेव. दमटपणानं त्याचं सायझिंग, म्हणजे पाणी पटकन शोषू न देणारी खळ, खराब होतं, रंग ठिपक्याठिपक्यांनी आत शोषला जातो, आणि दोष उगाच हाताला लागतो.

थॅलो ब्लू हा दुसरा निळा सध्या बाजूला ठेव. तो कागदात मुरतो, मग पुसून निघत नाही. अल्ट्रामरिन खळग्यांत बसून जो दाणेदार पोत देतो, तो यातून मिळणारही नाही.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात चित्रकार सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे. तेही जलरंगातलंच. ज्योतीवर धरलेल्या बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड नीट बघ. तो नुसत्या योगायोगानं उतरलेला नाही.

आणि अनपेक्षित डाग उमटला तर ब्रश खाली ठेव. ओल्यातच दुरुस्त करायला गेलं की चिखल होतो. सुकल्यावर रंग फिका पडतो, कडा स्थिरावतात; ठेवायचा की नाही ते तेव्हा ठरव. काही डाग इतके सुंदर निघतात की ते मुद्दाम उमटवता आले नसते!

पुढच्या वेळी चित्र नको, ते १६ तुकडेच पाठव, मागच्या नोंदींसकट.