सासूबाई जुनं काही टाकू देत नाहीत. दोन खोल्यांचं घर आवरायचं कसं?

तुमचं दुखणं कळलं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्या, माळा आढ्यापर्यंत भरलेला. व्हिडिओ बघून तुम्ही ‘ठेवायचं’ आणि ‘टाकायचं’ असे दोन ढीग केलेत, आणि संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी दुसरा ढीग पहिल्यात नेऊन घातला. होणारच होतं हो. ज्या बाईनं तांब्याचा बंब वर्षानुवर्षं चिंच लावून घासलाय, तिला तो पसारा कसा वाटेल?

माझं ऐकाल तर आपल्याकडं घर आवरायचे दोन मुहूर्त पूर्वीपासून ठरलेत, तेच धरा. एक मिरगाच्या आधी, म्हणजे मे संपता संपता ते 7-8 जून. दुसरा घट बसायच्या आधी. त्या दिवसांत माळा उतरवायला सासूबाईच पदर खोचून पुढं येतात. सुनेनं काहीतरी नवीन खूळ काढलंय असं त्यांना वाटत नाही. तेच फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी शिडी लावा, भांडण ठरलेलं.

मिरगाआधीची आवराआवर नदीच्या नावानं करायची. आमचं घर पुराचं पाणी येणाऱ्या दुधाळीच्या अंगाला, त्यामुळं आमच्याकडं कुणाला समजवावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर. पाणी चढायला लागलं की खालचं सामान माळ्यावर घ्यायचं असतं. तिथं आधीच फुटक्या बादल्या नि मिक्सरची खोकी बसलेली असली तर गहू-तांदूळ, गाद्या, कपडे ठेवणार कुठं? म्हणून पावसाळ्याआधी निम्मा माळा रिकामा पाहिजे. तुमच्या गल्लीत पाणी येत नसेल, पण पूर आला की पै-पाहुणे तर येतात ना? त्यांची बोचकी कुठंतरी ठेवावी लागतातच. गौरी-गणपतीचं सामान तेवढं एका खोक्यात, वर नाव लिहून, पुढच्या बाजूला ठेवा.

याच वेळी कागदपत्रंही काढा. खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, पासबुकं सगळं एका चेनच्या प्लास्टिक पाकिटात घालून दाराजवळच्या खुंटीला. डिजिटल सहीचा सातबारा आणि मिळकत पत्रिका आता ऑनलाइन मिळतात, त्यामुळं त्यांच्या पिवळ्या पडलेल्या झेरॉक्सचे गठ्ठे सांभाळायची गरज नाही. मूळ खरेदीखत मात्र जिवापाड जपा.

खरी कसोटी घटाआधी, कारण तेव्हा भांडी निघतात. आहेराचं भांडं हातात आलं की उलटंपालटं करून त्यावरचं नाव वाचा. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, बारीक ठिपक्यांनी कोरलेलं असतं. नाव वाचलं की सासूबाई गोष्ट सांगायला लागतात. ती पुरती ऐकून घ्या, मधेच ‘मग हे काढूया का?’ म्हणू नका. आमच्याकडं एका परातीवर अख्खी दुपार गेली. पण उठताना त्या स्वतःच म्हणाल्या, “ही धाकटीकडं जाऊ दे, तिच्याच आजीनं दिलीय.” वस्तू ओळखीच्या घरात जाणार म्हटलं की हात सैल सुटतो, हे मी पुन्हापुन्हा बघितलंय.

बिननावाची, चेपलेली, कान तुटलेली भांडी राहतात ती मोडीला. दुकानात वजन करून त्या बदल्यात झाकणाचे सारख्या मापाचे स्टीलचे डबे घेऊन या. सारखे डबे एकावर एक बसतात, निम्मं फडताळ मोकळं होतं. दुकानात सासूबाईंना न्याच. भाव करण्यात त्या तुमच्यापेक्षा तयार असणार, आणि जुनं जाऊन नवं आलं हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असेल.

कपड्यांत सुती लुगडी वाकळेला द्या. नायलॉनच्या साड्या वाकळेत सरकतात, त्या बोहारणीला. फक्त ‘वाकळ करू कधीतरी’ म्हणून गाठोडं परत माळ्यावर गेलं की संपलं. शिवून देणारी बाई ठरली असेल तरच बाजूला काढा. श्रीखंडाचे रिकामे डबे गुपचूप घालवा, त्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही.

आता राहिलं पुण्या-मुंबईला गेलेल्या दिरा-नणंदांचं सामान. प्रत्येक घरात एका दिराच्या इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंग शीट असतातच, आणि त्याला आईचा सगळ्यात भक्कम पाठिंबा. त्याला हात लावू नका, वाईटपणा तुमच्यावर येईल. फोटो काढून भावजींना पाठवा आणि नवऱ्याला फोन करायला लावा: दिवाळीला येताना डिकी रिकामी ठेवून या. बऱ्याचदा “अहो वहिनी, द्या रद्दीला” असा निरोप तिकडूनच येतो, आणि तो सासूबाईंना स्पीकरवर ऐकवायचा.