डेटा साठवण्याची सक्ती करणारे कायदे टॉरसारख्या निनावी सेवा चालवणाऱ्यांना कसे अडचणीत आणतात?

ज्या नोंदी न ठेवणं हाच या सेवेचा पाया, त्याच ठेवायला कायदा लावतो. टॉरमध्ये तुमची इंटरनेट रहदारी एकामागून एक अशा रिलेंमधून, म्हणजे ती पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरमधून जाते. मधल्या रिलेला फक्त आधीच्या आणि पुढच्या रिलेचा आयपी पत्ता दिसतो. कोण कुठे गेलं हे त्याला कळत नाही. पण पहिल्या आणि शेवटच्या रिलेने वेळेसह नोंदी जपल्या, तर दोन्ही शेजारी ठेवून सेकंद जुळवले की माणूस सापडू शकतो. मला खरी भीती याचीच वाटते, कारण नोंदी चोरीलाही जातात. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशात ६ ते २४ महिन्यांची साठवण होती. ८ एप्रिल २०१४ रोजी संघाच्या न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. तरी देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. रिले सुरू करण्याआधी सर्व्हर ज्या देशात आहे तिथल्या वकिलाला जरूर विचारा.