रोलरवरची सायकल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मृग लागला की या सदराकडे येणारी पत्रे बदलतात. रस्त्याविषयीचे प्रश्न थांबतात, घरातल्या सायकलीविषयीचे सुरू होतात. या खेपेला बहुतेकांनी रोलरविषयीच, म्हणजे घरात जागच्या जागी सायकल चालवायच्या फिरत्या ड्रमांच्या चौकटीविषयीच विचारले आहे, म्हणून बाकीची पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २७.५ इंची चाकांची एमटीबी (माउंटन बाइक) आहे. पावसात घरात चालवायला रोलर घ्यावा की मागचे चाक जखडून ठेवणारा ट्रेनर? – वाचक, म्हापसा

दोन्हींची कामे वेगळी आहेत. ट्रेनरवर सायकल जागची हलत नाही, त्यामुळे तोलाची काळजी न करता जोर लावता येतो. रोलरवर सायकल मोकळी असते. मागच्या चाकाखाली दोन ड्रम, पुढच्याखाली एक, आणि मागच्या ड्रमची गती पुढच्याला देणारा पट्टा, एवढाच त्याचा पसारा. तोल तुम्हीच सांभाळायचा. पायडलला हिसके देण्याची, हँडल आवळून धरण्याची, खांदे हलवण्याची सवय असेल तर ती इथे पहिल्या दोन मिनिटांत उघडी पडते आणि महिन्याभरात सुटतेही. चवथीनंतर चोर्ला घाट चढायचा हाच हेतू असेल तर ट्रेनर घ्या. पाय गोल, एकसारखे फिरावेत आणि पावसाळ्यात अंग सैल पडू नये एवढे हवे असेल तर रोलर, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एमटीबी असल्यामुळे तीन गोष्टी बघा. पहिली, दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर टेपने मोजा. रोड सायकलीत ते साधारण ९८ ते १०० सेंमी असते, नव्या एमटीबीत ११० च्या पुढे जाते. रोलरची चौकट तेवढी लांबते का, ते दुकानातच सायकल चढवून बघा. दुसरी, गुठळ्यांचे टायर रोलरवर थरथरतात आणि कान किटवतात. दीड इंच रुंदीच्या आसपासचे गुळगुळीत टायर चढवा. तिसरी, पुढच्या फोर्कची (चाक धरणाऱ्या दुशाखी दांड्याची) स्प्रिंग लॉक होत असेल तर लॉक करा.

ड्रमचा व्यासही विचारा. जाड, म्हणजे सुमारे ११ सेंमीचे ड्रम हलके फिरतात. बारीक, ६-७ सेंमीच्या ड्रमवर टायर जास्त दबतो, म्हणून पायाला जड लागते. नवशिक्यासाठी मधला, ८ ते १० सेंमीचा चांगला. कडेला उंच आणि मध्ये खोल असे ड्रम मिळाले तर उत्तम, चाक कडेला गेले तरी ते मध्याकडे परत लोटतात. जुना रोलर घेत असाल तर ड्रमजवळ पेन्सिल स्थिर धरून तो हाताने फिरवा. पेन्सिल आणि ड्रममधली फट कमीजास्त होत असेल तर तो वाकलेला आहे, घेऊ नका.

प्रश्न : महिनाभर भिंतीला हात लावून चालवतो आहे. हात सोडला की चार-पाच सेकंदांत पुढचे चाक एका बाजूला पळते. माझा तोल कच्चा आहे का? – वाचक, फोंडा

तोलाला दोष देण्याआधी ओळंबा सोडून बघा. कोणाला तरी सायकल रोलरवर सरळ धरायला सांगा. दोऱ्याला नट बांधा आणि पुढच्या हबच्या (चाकाच्या तुंब्याच्या) मध्यावरून खाली सोडा. दोरा पुढच्या ड्रमच्या आसापेक्षा १ ते ३ सेंमी मागे, म्हणजे तुमच्या बाजूला पडला पाहिजे. तो ड्रमच्या पुढे पडत असेल तर चाक सतत ड्रमवरून पुढे उतरू पाहते आणि हँडल अस्थिर होते. चौकटीवरच्या भोकांत ड्रम पुढे-मागे सरकवून हे जुळवता येते. रोलरवर न जमण्याची निम्मी कारणे या दोऱ्यापाशी सापडतात.

मग पट्टा. मागचा ड्रम हाताने फिरवला की पुढचा त्याच क्षणी फिरला पाहिजे. पुढच्या ड्रमवर तळवा हलका दाबून पुन्हा बघा. पट्टा खोबणीत घसरत असेल तर सायकलवर बसल्यावर पुढचे चाक मंद पडणार. फिरत्या चाकाला हँडल किंचित वळवले की चाक ड्रमवर त्या बाजूला सरकते आणि तोल सावरतो. चाकच मंद पडले तर हँडल वळवूनही काही होत नाही, आणि पडणे अटळ असते.

चाक दर वेळी एकाच बाजूला पळते का? मग लेव्हल पट्टी आडवी ठेवून जमीन तपासा. बाल्कांवाच्या आणि ओसरीच्या लाद्यांना पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. खालच्या बाजूला रबराचे तुकडे सरकवा. पुढचा आणि मागचा ड्रम यांच्यातले अंतर डाव्या आणि उजव्या टोकाला मोजा. दोन्हीकडे ते सारखेच हवे.

आता जे कोणी बघत नाही ते : पुढचे चाक उचला आणि हँडल दोन बोटांनी हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवा. अगदी मध्यावर हँडल ‘खट्’ करून अडत असेल तर हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यात फिरते त्या सांध्याच्या बेअरिंगला खड्डे पडले आहेत. अशी सायकल रस्त्यावर खपून जाते, रोलरवर कितीही सराव करा, सरळ चालणार नाही. बेअरिंग बदला.

एवढे सगळे नीट असेल तरच दोष तुमच्याकडे येतो, आणि तो सुटणारा आहे. रोलर दाराच्या चौकटीत मांडा, म्हणजे दोन्ही बाजूंना कोपर टेकायला आधार मिळेल. सायकल नेहमीपेक्षा वीतभर उंच होते, म्हणून डाव्या हाताला न डगमगणारी लाकडी पायरी ठेवा. पहिले आठ दिवस साधे बूट घाला, क्लीट (पायडलमध्ये अडकणारे बूट) नकोत. खाली लादी आणि बाजूला चौकट आहे, तेव्हा या दिवसांत हेल्मेटही घाला.

हलका गिअर टाकू नका. सगळे नवशिके तोच टाकतात आणि पाय रिकामे फिरल्यामुळे सीटवर उडतात. रोड सायकल असेल तर पुढे ५० आणि मागे १७ किंवा १९ दात, हायब्रिड असेल तर पुढची मोठी चकती आणि मागची मधली. ५०-१७ वर पायडलच्या मिनिटाला ८५ फेऱ्या मारल्या की चाकांची गती ताशी ३१-३२ किमी होते. या गतीला सायकल ताशी १५ किमीपेक्षा कितीतरी शांत चालते. गती आल्यावर आधाराचा तळवा उचला, मग एकेक बोट. नजर पुढच्या चाकावर नको, दोन मीटर पुढे जमिनीवर चिकटवलेल्या टेपवर. हँडल वरच्या सपाट भागावर सैल धरा. श्वास अडकला की खांदे वर जातात आणि चाक लगेच थरथरते, म्हणून मोठ्याने आकडे मोजत चालवा.

थांबताना ब्रेक दाबू नका. चौकट धरा, पाय थांबवा, ड्रम दोन-तीन सेकंदांत थांबतात. घसरलात तर सायकल खोलीभर धावत सुटेल ही भीती मनातून काढा. सायकल पुढे जातच नसते, फिरतात ती फक्त चाके, आणि ती जमिनीला लागली की वीतभर सरकून थांबतात. पडणे होते ते आडवे. म्हणून काचेचे टेबल, तुळशीची कुंडी, कोयता लावलेली आडोळी (विळी) असे काहीही दोन्ही बाजूंना दीड मीटरच्या आत नको. लहान मुले आणि मांजरे तर खोलीबाहेरच हवीत, पट्टा आणि ड्रममध्ये बोट किंवा शेपटी सापडू शकते.

आणखी एक, खास आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी. रात्री चालवत असाल तर चार्जिंगचा दिवा आधीच पेटवून ठेवा. वीज गेली की नजरेचा आधार जातो आणि तोल त्याच क्षणी ढळतो.

प्रश्न : आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या काकूंची तक्रार आहे की सकाळी घरघर ऐकू येते. काय करावे? – वाचक, मडगाव

आधी आवाज कुठला ते ओळखा. ताशी ३० किमीला रोड सायकलीचे, ७०० मापाचे चाक सेकंदाला जवळपास चार फेऱ्या घेते. त्या लयीत ‘धप-धप’ येत असेल तर टायर रिमवर नीट बसलेला नाही किंवा चाक वाकडे झाले आहे. हवा काढा, टायर चोळून बसवा, पुन्हा भरा. तरीही धपधप राहिली तर चाक ट्रू, म्हणजे सरळ करून घ्या. न तुटणारी घरघर असेल तर ती ड्रमची.

खाली जाते ती मुख्यतः थरथर. १८ मिमी प्लायचा तुकडा घ्या, त्याखाली सगळीकडे जाड रबरी चटई, आणि रोलर प्लायवर. नुसत्या चटईपेक्षा हे बरेच उपयोगी पडते. जागाही बदला : खोलीच्या मध्यावर स्लॅब जास्त हलतो, खांबाजवळ कमी. आणि काकूंना वेळ विचारून घ्या, कोणत्याही चटईपेक्षा त्याचा गुण लवकर येतो.

प्रश्न : माझे वय ४६. रस्त्यावर तासभर सहज चालवते, पण रोलरवर वीस मिनिटांत घामाने निथळते आणि नाडी फार वाढते. हे धोक्याचे आहे का? – वाचक, डिचोली

रस्त्यावर ताशी २५ किमीचा वारा तुम्हाला फुकट मिळतो. घरात तो नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. घाम वाळला तरच अंग थंड होते. नुसता गळाला तर पाणी आणि मीठ जाते, उष्णता तशीच राहते. मग कातडीला रक्त पुरवायला हृदय जास्त धावते आणि तेवढ्याच कष्टाला नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वर जाते.

छताच्या पंख्यावर भागवू नका. उभा पंखा समोर एक-दीड मीटरवर, झोत छातीवर येईल असा ठेवा, पूर्ण वेगात. दुसरा असेल तर मागून पाठीवर. खिडक्या उघड्या. वीस मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. गरगरले, किंवा एवढ्या उकाड्यात अंगावर काटा आला, की त्याच मिनिटाला उतरा आणि डोक्यावर पाणी ओता. छातीत दुखले किंवा नाडी अर्ध्या तासानंतरही उतरली नाही तर डॉक्टरांकडे जा. या वयात सुरुवातीलाच एकदा तपासून घेतलेले बरे.

किती प्यावे हे वजनकाट्यावर ठरवा. चालवण्याआधी आणि अंग पुसून नंतर वजन करा. ६०० ग्रॅम घटले आणि मध्ये ५०० मिली प्यायलात, तर घाम १.१ लिटर गेला. पुढच्या वेळी तेवढ्या वेळात ७०० ते ८०० मिली घोट-घोट घ्या. एक लिटर पाण्यात पाव चमचा मीठ, चार चमचे साखर आणि लिंबू पुरते. कोकमाचे आगळ वापरत असाल तर मीठ वेगळे घालू नका, त्यात ते आधीच असते. रक्तदाब असेल तर मिठाचे आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मिरामारच्या आयर्नमॅन ७०.३ साठी (पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीसाठी) नाव घालायचे आहे. जून ते सप्टेंबर फक्त रोलरवर सराव चालेल का? – वाचक, पणजी

फक्त रोलरवर नाही. २०१९ पासूनची ही शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, म्हणजे तयारीचे मुख्य महिने नेमके पावसात सापडतात. तिचे सायकलिंग ९० किमी आहे, पोहून आल्यावर आणि २१.१ किमी धावण्याआधी. आठवड्यात तीन दिवस रोलर आणि एक दिवस, उघडीप मिळेल तेव्हा, रस्त्यावर लांब पल्ला असे ठेवा.

रोलरचा पहिला दिवस पायांच्या गतीचा : १० मिनिटे सैल, मग एक मिनिट ९०, एक मिनिट १००, एक मिनिट ११० फेऱ्या, दोन मिनिटे सैल, असे सहा वेळा. सीटवर उडायला लागलात की तीच तुमची सध्याची मर्यादा. दुसरा दिवस जोराचा : ८ मिनिटे, एका दमात तीन-चारच शब्द बोलता येतील इतक्या कष्टाने, मध्ये ३ मिनिटे आराम, असे चार वेळा. साध्या रोलरवर जोर वाढवायचा म्हणजे गिअर वाढवायचा. तो संपला तर टायरमध्ये पाच-दहा पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा कमी ठेवा, पण टायरवर छापलेल्या किमान आकड्याखाली जाऊ नका. तिसरा दिवस सलग तासाभराचा. रोलरवर पाय कधी थांबत नाहीत, त्यामुळे बूड लवकर दुखते. दर दहा मिनिटांनी एक गिअर जड करून दहा-पंधरा सेकंद उभे राहा. एरोबारवर, म्हणजे कोपरे टेकायच्या पुढच्या दांड्यांवर, झोपून चालवणे महिनाभर तोल बसल्यावरच.

वळणे, खड्डे आणि वारा मात्र रोलर शिकवत नाही.

प्रश्न : घर समुद्राजवळ आहे. रोलरची बेअरिंगे खरखरतात, हँडलच्या बोल्टांना गंज चढला. – वाचक, वास्को

बोल्टांचा गंज हवेपेक्षा तुमच्या घामाचा जास्त आहे. चालवताना हँडलपासून सीटच्या दांड्यापर्यंत जुना टॉवेल बांधा. उतरल्यावर ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. वर्षातून एकदा हँडलची टेप सोडून आत बघा. घाम तिच्याखाली साचून अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते आणि खड्डे पडतात, आणि तसे हँडल जोर लावताना मोडू शकते. खड्डे दिसले तर हँडल टाकून द्या.

ड्रमची बेअरिंगे बहुधा बंद प्रकारची असतात. त्यांत बाहेरून तेल सोडून काही साधत नाही, उलट ते ओघळून ड्रमवर येते आणि टायर घसरतो. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. ड्रम महिन्यातून एकदा स्पिरिटच्या फडक्याने पुसा. पावसातून आल्यावर सायकल तशीच रोलरवर चढवू नका. ओला टायर घसरतो, आणि त्यात अडकलेली वाळू ड्रम खरवडते.

प्रश्न : मोबाइलमधले अ‍ॅप रोलरवर गती शून्य दाखवते. – वाचक, साखळी

अ‍ॅप उपग्रहावरून जागा मोजते, आणि तुमची जागा बदलत नाही. मागच्या हबला स्पीड सेन्सर लावा आणि अ‍ॅपमध्ये चाकाचा घेर भरा : ७००×२५ टायरला २१०५ मिमी, ७००×२८ ला २१३६. दुसरा कोणता टायर असेल तर वॉल्व्ह जमिनीच्या बाजूला आणून खडूने खूण करा, सायकल एक पूर्ण फेरी पुढे ढकला, पुन्हा खूण करा आणि दोन खुणांमधले अंतर मोजा.